दोन फावडी खोल

सॅलोबीच्या ड्रोव्हवर, दोन्ही टोकांना, मी नोटीस लावली.
प्लास्टिकच्या पट्टीनं, खांबाला, छातीच्या उंचीवर,
पाणी आत जाणार नाही अशा पिशवीत.
अठ्ठावीस दिवस ती दिसली पाहिजे, असा कायदा.
वाचणारं कुणी असलं पाहिजे, असं त्यात कुठं म्हटलेलं नाही.

रस्ता अनावश्यक आहे, एवढंच कारण लागतं.
नवा सरळ रस्ता झाला तेव्हा हे वळण मागे राहिलं
कापलेल्या नखासारखं,
तीनशे दहा मीटर डांबर, मधोमध गवताची शेंडी.
पूर्वी इथं तळं होतं म्हणे, गुरं त्याला वळसा घालत.
लिंकनशायरच्या त्या सपाट मुलखात
तळं आटलं, वळसा राहिला.

एकदा रस्ता तो कायमचा रस्ता,
असं आमच्या ऑफिसात पहिल्या दिवशी शिकवतात.
गवतानं तो मरत नाही.
शंभर वर्षं कुणी फिरकलं नाही तरी
वहिवाट झोपलेली असते, एवढंच.
तिला मारायला तीन माणसं लागतात, एक टेबल,
आणि एक नकाशा, ज्यावर मी गुलाबी रंग भरतो.

दुसरं जे शिकवतात ते मला जास्त आवडतं:
रस्ता कौन्सिलचा, पण फक्त दोन फावडी खोल.
त्याखालची माती कधीच आमची नव्हती.
ती दोन्ही बाजूंच्या शेतांची, मध्यरेषेपर्यंत,
इतकी वर्षं गाड्यांखाली गप्प पडून राहिलेली.
आम्ही नुसतं वरचं कातडं सांभाळलं. खड्डे बुजवले.

आक्षेप एकच आला. निळ्या शाईत.
मी दर गुरुवारी जाते. मेरियल टॉइन.
कुठं, ते लिहिलं नव्हतं.

तिघे मॅजिस्ट्रेट पाहायला आले, गमबूट घालून.
एकीनं विचारलं, हा जातो कुठं?
बाई म्हणाल्या, बसथांब्याला.
बस तर बंद झाली, मी म्हणालो. (म्हणावं लागलं. फाइलीत होतं.)
हो, पण बाक आहे ना.
तिथं बसते. मग परत येते.

तिघांनी बाकाकडे पाहिलं,
मग घड्याळाकडे.

हुकूम निघाला.
पायवाट राखून ठेवता आली असती, कायद्यात सोय आहे.
ती मागावी लागते, हे बाईंना ठाऊक नव्हतं.
मला होतं.

मग टेप घेऊन मध्य शोधायला गेलो.
वाट संपली की वाटे उरतात.
डावीकडे स्नीथ, उजवीकडे पिंचबेक,
एका नाल्यावरून तीस वर्षांचा अबोला;
आता एकाच डांबराचे वाटेकरी.
झुडपं कुठं पुढे सरकलेली, कुठं मागे,
रेषा नागमोडी आली. पांढरे ठिपके मारत मी म्हणालो, इथवर तुमचं.
दोघांनी माना हलवल्या, एकमेकांकडे न बघता.
खालून पाण्याची लाइन गेलीय, तिचा हक्क तसाच राहतो,
हेही सांगितलं.
पाण्याला जाऊ देतात.

मार्चमध्ये परत गेलो, खांबांवरच्या पट्ट्या कापायला.
एरवी कुणी कापत नाही, त्या वर्षानुवर्षं लोंबत राहतात.
गुरुवार होता, हे मी ठरवलं नव्हतं.
मेरियलबाई येत होत्या डाव्या कडेनं,
ठिपक्यांच्या अलीकडून,
एकही पाऊल पलीकडे न पडू देता.
स्नीथ हरकत नाही म्हणालाय, त्या म्हणाल्या,
त्याच्या अर्ध्यावरून.
पिंचबेकला विचारलेलं नाही.

आणि परत येताना?

परत येतानाही हीच कड.
फक्त तेव्हा ती उजवी होते.